प्रातिनिधिकत्वाचा दाखला कोणाकडे मागायचा?

(चेंबर ऑफ कॉमर्सच्या कार्यकारी मंडळाविषयी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक चौकट ठरलेली असते. ‘उद्योगक्षेत्राकडून स्वागत’ किंवा ‘व्यापारी वर्गात नाराजी’ असे तिचे शीर्षक असते आणि खाली कोणत्या तरी चेंबरच्या अध्यक्षांचे चार ओळींचे मत छापलेले असते. चळवळीतला कार्यकर्ता ती चौकट वाचतो, ‘हे तर व्हायचेच’ असे म्हणतो आणि पान उलटतो. आजच्या भाषणाचा विषय ती चौकट आहे. तिच्यातल्या मतापेक्षा ते मत देणाऱ्या मंडळाचा विचार येथे करावयाचा आहे. हे अध्यक्ष कोण, त्यांना निवडले कोणी, कार्यकारी मंडळावर त्यांच्या शेजारी कोण बसते, आणि एका अख्ख्या प्रदेशाच्या उद्योगव्यापाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार या पंधरावीस माणसांना कोठून मिळाला, हे प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनात फारसे कोणी विचारीत नाही.

कामगाराच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारले जातात. महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा झाला. त्याने घातलेली अट अशी की, आस्थापनेतील किमान ३० टक्के कामगार सलग सहा महिने आपले सभासद होते हे संघटनेने सिद्ध करावे. तेव्हाच तिला मान्यतेचा अर्ज करता येईल. सभासदत्वाच्या पावत्या, वर्गणीच्या वह्या, तपासणी अधिकाऱ्यापुढील साक्षी, प्रतिस्पर्धी संघटनेच्या हरकती, आणि या सर्वांतून पार पडल्यावर औद्योगिक न्यायालयाचा निकाल, हा खटाटोप ज्यांनी केला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही कमान आणखी उंच नेली. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर जिच्यामागे ५१ टक्के कामगार आहेत तीच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरेल, असे तिच्यात लिहिले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

या अटी मुळातच अन्यायाच्या आहेत असे नव्हे. जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो त्याने आपल्यामागे कोण आहे ते दाखवावे, ही लोकशाहीतील रास्तच अपेक्षा होय. लोकशाही समाजवाद मानणाऱ्याने तिच्याबद्दल कुरकुर करू नये. प्रश्न एवढाच आहे की, दाखला मागावयाचा तर तो एकाच दारी का मागितला जातो? चेंबरच्या कार्यकारी मंडळाला असा दाखला कोणी कधी मागितला आहे काय?

याचे उत्तर शोधताना थोडे मागे जावे लागते. मुंबईतील सर्वांत जुने चेंबर, म्हणजे बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स, २२ सप्टेंबर १८३६ रोजी स्थापन झाले. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार संपुष्टात आणला होता आणि मोकळ्या झालेल्या बाजारात खाजगी गोऱ्या पेढ्यांना आपली एकजूट हवी होती. थोड्याबहुत हिंदी पेढ्या आत होत्या, पण सूत्रे गोऱ्या व्यापाऱ्यांच्याच हाती राहिली. ही संस्था खाजगी, तिची घटना खाजगी, तिच्या कमिटीची निवडणूकही खाजगी. तरीसुद्धा १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात तिला काय मिळाले ते पाहण्यासारखे आहे. कॉर्पोरेशनच्या ७२ सभासदांपैकी ३६ वॉर्डांतील करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, १६ सरकारने नेमावयाचे. उरलेल्या चारांपैकी दोन विद्यापीठाच्या फेलोंचे आणि दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. म्हणजे अख्ख्या मुंबई विद्यापीठाचे जेवढे वजन, तेवढेच या पेढ्यांच्या मंडळाचे! गिरणगावात चाळीच्या खोलीत राहणारा माणूस करदाता नव्हता, म्हणून वॉर्डाच्या मतदारयादीतही नव्हता. त्याने उपसलेल्या गाठोड्यांवर ज्यांचा व्यापार चालत होता त्यांना मात्र वॉर्डात एक मत होते आणि चेंबरमार्फत दुसरे.

पोर्ट ट्रस्टच्या विश्वस्त मंडळावरही व्यापारी संस्थांनी निवडून दिलेले विश्वस्त बसत. गोदीचे दर, गुदामांची भाडी, जहाजांना मिळणारा धक्का, हे सगळे जेथे ठरे तेथे माल पाठविणारा आणि माल घेणारा हजर असे. तो माल पाठीवर वाहणाऱ्याचा उल्लेख कायद्यात ठळकपणे यायला स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली. १९६३ च्या मेजर पोर्ट ट्रस्ट कायद्यात किमान दोन विश्वस्त बंदरातील कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद झाली.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी हेच सूत्र कायदेमंडळात नेले. मुंबई कायदे कौन्सिलात निवडून द्यावयाच्या ८६ जागा होत्या. त्यांतल्या सात उद्योग-व्यापारासाठी राखून ठेवण्यात आल्या आणि त्या चेंबरे, गिरणीमालकांचे संघ व तत्सम व्यापारी संस्थांकडे सोपविल्या गेल्या. निवडणूक कसली, संस्थेच्या सभासदांची नोंदवही हीच मतदारयादी. कामगारांसाठी निवडून द्यावयाची जागा एकही नव्हती. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बोलण्यासाठी १९२१ पासून ना. म. जोशी बसत, तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचा हा साधा, चिकाटीचा कार्यकर्ता त्या नेमणुकीत अडकला नाही आणि कामगारांच्या हिताचे कायदे त्याने सरकारच्या गळी उतरवले, ही त्याची थोरवी. व्यवस्थेची थोरवी तिच्यात शोधू नये. व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी व्यापाऱ्यांनी निवडावयाचा आणि कामगारांचा प्रतिनिधी लाटसाहेबांनी नेमावयाचा, असा तो न्याय होता.

पुढे १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांत उद्योग-व्यापाराला सात आणि कामगारांनाही सात जागा दिल्या. कागदावर बरोबरी झाली. पण एका बाजूच्या सातांमागे मोजक्या पेढ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या सातांमागे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, रेल्वे आणि गोद्या यांतला लाखोंचा कामगार होता. ही बरोबरी कोणत्या तराजूतली, हे वेगळे सांगावयास नको.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा सारा पसारा एका फटक्यात मोडला. विधान परिषदांत तिने पदवीधरांना जागा दिल्या, शिक्षकांना दिल्या, स्थानिक संस्थांना दिल्या. चेंबरला दिली नाही. घटनाकारांच्या या निर्णयाचा अर्थ साधा आहे. व्यापार करणारा माणूस नागरिक म्हणून एक मत देईल. व्यापारी म्हणून दुसरे देणार नाही. परंतु पुढच्या दाराने निघालेला हा पाहुणा मागच्या दाराने परत येऊन ओसरीवर बसला, आणि आज तो घरातल्याच माणसासारखा वावरतो. ते कसे, याकडे वळण्यापूर्वी हिंदी चेंबरांच्या पदरी त्यांचे माप टाकले पाहिजे, नाहीतर हे विवेचन एकांगी होईल.

१९०७ साली, स्वदेशीच्या चळवळीचा जोर असताना, मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर निघाले. मनमोहनदास रामजी हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. सोलापूरच्या या उद्योजकाने सिंदिया कंपनीची जहाजे हाकताना ब्रिटिश जहाज कंपन्यांची मक्तेदारी काय असते ते भोगले होते. त्याच वर्षी देशपातळीवर फिक्की उभी राहिली. पुण्यात १९३४ साली आ. रा. भट यांच्या खटपटीने मराठा चेंबर निघाले, आणि पुढे पुण्याच्या आसपास जी कारखानदारी वाढली तिच्या उभारणीत त्या संस्थेचा हात होता. या मंडळींनी परकी सत्तेच्या आर्थिक धोरणाशी झुंज दिली हे नाकारता येणार नाही. रुपयाच्या दराचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात बसून भिन्नमतपत्रिका जोडली आणि १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. रुपया महाग झाला की विलायती माल स्वस्त पडणार आणि परदेशी जाणाऱ्या कापसाचे हिंदी शेतकऱ्याच्या हाती पडणारे रुपये कमी होणार, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्या वादात मुंबईचा कापूसव्यापारी आणि वऱ्हाडातला कापूस पिकविणारा यांचे हित एका बाजूला आले होते.

पण हित एका बाजूला आले म्हणून आवाज एक झाला असे होत नाही. हेच सर पुरुषोत्तमदास इंडियन मर्चंट्स चेंबरचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात होते, ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे धुरीण होते, पुढे रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळावरही होते. माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. तथापि एकाच माणसाने इतक्या खुर्च्या भूषविल्या की हळूहळू त्या खुर्चीचे मत आणि शहराचे मत यांतील फरक त्याला स्वतःलाही दिसेनासा होतो. १९५४ साली राज्य पुनर्रचना आयोगापुढे मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये असे निवेदन ज्या संस्थेने सादर केले तिचे नाव ‘बॉम्बे सिटिझन्स कमिटी’ असे होते, आणि तिच्या अध्यक्षपदी सर पुरुषोत्तमदास होते. सिटिझन्स म्हणजे नागरिक! ज्या नागरिकांनी नंतर मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झेलल्या ते कोण होते, असा प्रश्न त्या कमिटीला पडला नसावा. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास येथे उगाळावयाचा नाही. मूठभर पेढ्यांचे मत ‘शहराचे मत’ म्हणून सरकारदरबारी रुजू होते ती प्रक्रिया किती सहज, किती सवयीची असते, एवढेच या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता आजच्या कार्यकारी मंडळाकडे येऊ. चेंबर ही बहुधा नफा न वाटणारी कंपनी म्हणून नोंदलेली असते. पूर्वी १९५६ च्या कंपनी कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली, आणि आता २०१३ च्या कायद्याच्या आठव्या कलमाखाली. काही चेंबरे सोसायटी म्हणूनही नोंदलेली आहेत. सभासदत्वाचे वर्ग असतात, आणि वर्गणी जशी वाढते तशी सभासदाची पायरीही चढत जाते. मंडळाची निवडणूक नियमानुसार होते, पण तिच्यात चुरस अपवादानेच दिसते. ‘एकमताने निवड’ हा या संस्थांच्या अहवालातील अत्यंत आवडता शब्दप्रयोग आहे. आज जे वरिष्ठ उपाध्यक्ष आहेत तेच उद्याचे अध्यक्ष, हा पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा शिरस्ता. माजी अध्यक्षांना मानाने बोलावले जाते आणि मानाने ऐकलेही जाते. लहान दुकानदार, चार लेथ घेऊन बसलेला कारखानदार, फॅब्रिकेशनचे शेड चालविणारा तरुण सभासद होतो तो बहुधा एखादे प्रमाणपत्र हवे म्हणून किंवा प्रदर्शनात गाळा मिळावा म्हणून. दुपारी तीन वाजता भरणाऱ्या बैठकीला जायचे तर त्याला शेडचे शटर ओढावे लागते. मोठ्या कंपनीचा संचालक तेथे कंपनीच्याच गाडीने आणि कंपनीच्याच वेळात येतो. मंडळावर मोठ्यांचा वरचष्मा राहतो तो एखाद्या कटामुळे नव्हे. ज्याला फुरसत त्याला खुर्ची, एवढ्या साध्या नियमाने तो राहतो. समाजवाद्यांनी ‘मालकवर्ग’ म्हणून या सर्वांना एकाच गाठोड्यात बांधू नये ते यासाठीच. मोठ्या कंपनीकडून तीनतीन महिने बिल न मिळालेला लघुउद्योजक आणि ते बिल अडवून ठेवणारी कंपनी एकाच चेंबरच्या सभासद असतात; मंडळावर मात्र दोघांपैकी एकच असतो.

ज्यांना या मंडळांत शिरकाव मिळाला नाही त्यांनी काय केले? त्यांनी आपले वेगळे मंडळ काढले. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केले. ज्या शहरात १९३४ पासून चेंबर आहे त्या शहरात सत्तर वर्षांनंतर असे स्वतंत्र चेंबर काढावे लागावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. डिक्कीच्या आर्थिक विचारांशी समाजवाद्यांचे जमण्यासारखे नाही. भांडवलशाहीत दलिताला वाटा मिळाला की जातीचा प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण ‘व्यापार-उद्योगाचा प्रतिनिधी कोण’ हा प्रश्न तिच्या नुसत्या जन्मानेच उभा राहिला, हे श्रेय तिला दिले पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत इंडियन मर्चंट्स चेंबरने १९६६ साली महिला शाखा काढली. फिक्कीला पहिली स्त्री अध्यक्ष मिळेपर्यंत मात्र सुमारे ८५ वर्षे जावी लागली.

असे हे मंडळ सत्ता चालविते कोणती? कायदेमंडळातील सात जागा गेल्या खऱ्या, पण ओसरीवरच्या जागा वाढत गेल्या. रेल्वेच्या विभागीय सल्लागार समित्यांवर व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी घेतले जातात. करविषयक सल्लागार समित्या, निर्यातविषयक बैठका, औद्योगिक वसाहतींचे प्रश्न सोडविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलेल्या सभा, अर्थसंकल्पापूर्वीची सल्लामसलत, या सर्व ठिकाणी चेंबरचा माणूस ठरलेला. निर्यातदाराला आपल्या मालाचे मूळ कोणत्या देशाचे हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. सवलतीच्या करारात न मोडणारी अशी प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार सरकारने ज्यांना दिला आहे त्यांत चेंबरे आहेत. म्हणजे एक सार्वजनिक अधिकार, शुल्क घेऊन, एका खाजगी मंडळामार्फत वापरला जातो. यात गैर काही आहे असे लगेच म्हणण्याचे कारण नाही. काम बहुधा तत्परतेने होत असेल. पण ज्याच्या हाती सार्वजनिक अधिकार आला त्याने सार्वजनिक प्रश्नालाही सामोरे गेले पाहिजे, एवढे तरी मान्य व्हावे.

या सल्लामसलतीत कामगार कोठे असतो? १९४२ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय श्रम परिषद सुरू झाली. तीन पक्षांनी एका टेबलाशी बसावयाचे, हा संकेत तेव्हा रूढ झाला. तिची सेहेचाळिसावी बैठक जुलै २०१५ मध्ये भरली. त्यानंतर श्रमसंहिता संसदेत मांडल्या गेल्या आणि संमतही झाल्या; ही परिषद मात्र त्या काळात भरली नाही. कामगारांचे सारे जीवन ज्या कायद्यांनी बदलायचे त्या कायद्यांसाठी कामगारांचे टेबल मांडले गेले नाही, आणि चेंबरांच्या अर्थसंकल्पपूर्व बैठका दरवर्षी वेळापत्रकाबरहुकूम पार पडत राहिल्या.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो. चेंबर ही खाजगी संघटना आहे, संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने सर्वांना दिले आहे, मग तिच्या मंडळावर कोण बसावे याची उठाठेव इतरांनी का करावी? आक्षेप बरोबर आहे, अर्ध्यापर्यंत. व्यापाऱ्यांनी आपली संघटना काढावी, आपल्यातूनच माणसे निवडावी, आपले मत मांडावे. तो त्यांचा हक्क आहे आणि समाजवाद्यांनी तो जपला पाहिजे. पण ज्या क्षणी सरकार त्या मताला ‘प्रदेशाचे मत’ मानते, आणि ज्या क्षणी सार्वजनिक समितीवरील जागा त्या मंडळाच्या पत्राने भरली जाते, त्या क्षणी मंडळाची घटना ही त्याची घरगुती बाब राहत नाही. शिवाय कामगार संघटना हीसुद्धा त्याच एकोणिसाव्या कलमाखालची खाजगी संघटनाच असते. तिच्या खाजगीपणाची एवढी पत्रास ठेवली गेली असती तर ३० टक्क्यांच्या आणि ५१ टक्क्यांच्या अटी आल्याच नसत्या.

१९८२ च्या गिरणी संपाची आठवण येथे टाळता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका विभागातील एका उद्योगासाठी एकच प्रतिनिधी संघटना मान्य होती आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार उघड उघड डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या दृष्टीने ते कोणीच नव्हते. समोर गिरणीमालक संघ होता. कोणत्या गिरणीला तडजोड हवी होती आणि कोणत्या गिरणीला संपाच्या आडोशाने गिरणीच बंद करावयाची होती, हा मालकांमधला फरक लहान नव्हता. पण मालकांचा संघ मालकांचे खरोखर प्रतिनिधित्व करतो काय, असा अर्ज कोणत्याही न्यायालयात चालला नाही. लाखो माणसांच्या प्रतिनिधीला दाखला नाही म्हणून दाराबाहेर ठेवले गेले, आणि दाराच्या आत बसलेल्यांना दाखला कधी विचारलाच गेला नाही.

मग पर्याय काय? परदेशांची उदाहरणे देण्याची समाजवाद्यांना खोड आहे असे म्हणतात. तरी दोन सांगणे भाग आहे. ऑस्ट्रियात १९२० च्या कायद्याने कामगारांचे चेंबर स्थापन झाले. व्यापाऱ्यांचे चेंबर तेथे होतेच. त्याच्या जोडीला, त्याच दर्जाचे हे दुसरे. बहुतेक सर्व नोकरदार त्याचे सभासद असतात, पगाराचा अर्धा टक्का वर्गणी म्हणून जातो, पाच वर्षांनी निवडणूक होते, आणि कायद्याच्या मसुद्यावर मत देण्याचा त्याला अधिकार आहे. नाझींनी १९३८ साली ते मोडले. १९४५ साली ते पुन्हा उभे राहिले. जर्मनीत दुसराच प्रकार आहे. तेथील कारागिरांच्या चेंबरात, म्हणजे सुतार, गवंडी, न्हावी, पाव भाजणारे यांच्या चेंबरात, सर्वसाधारण सभेच्या एक तृतीयांश जागा मालक-उस्तादांच्या हाताखाली काम करणाऱ्या कारागिरांना कायद्यानेच दिलेल्या आहेत. त्याने तेथे समाजवाद आला नाही, आणि येणारही नाही. पण चेंबर म्हणजे केवळ मालकांचे घर, हे काही निसर्गनियमाने ठरलेले नाही एवढे त्यावरून कळते.

आणि इतके लांब जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या बाजारपेठांत अशी एक रचना गेली पाच दशके चालत आली आहे, आणि ती याच मातीतल्या चळवळीने मिळविली आहे. हमाल हा बाजारातला सर्वांत जुना आणि सर्वांत अदृश्य माणूस. त्याला मालक नाही असे व्यापारी म्हणत, कारण तो सकाळी एकाच्या गाळ्यावर पोती उतरवी आणि दुपारी दुसऱ्याच्या. मालक नाही म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून रजा नाही, फंड नाही, कंबर मोडली तर भरपाई नाही. हमालीचा दर गाळ्यावरच ठरे आणि मुकादम त्यातून आपला हात मारी. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, आणि या लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. व्यापाऱ्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, कायदा टिकला.

या कायद्याने जे माथाडी मंडळ निर्माण केले त्याची रचना चेंबरच्या कार्यकारी मंडळाशेजारी ठेवून पाहावी. मंडळावर मालकांचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे. सरकारचे सभासद एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक नाहीत. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर लेव्ही भरतो; त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, वैद्यकीय साहाय्य उभे राहते. ज्याच्याजवळ मालकाचे नावही नव्हते त्या हमालाच्या नावाने मंडळाच्या दप्तरात खाते उघडले गेले. दर ठरविण्यासाठी आडतीच्या दुकानातील व्यापारी आणि पाठीवर पोते घेणारा यांना एकाच टेबलाशी, समान संख्येने, बसावे लागले. बाजारातील व्यापाऱ्याला हे फार झोंबले. वाढलेल्या पैशांपेक्षा ते टेबल त्याला अधिक झोंबले असावे.

माथाडी मंडळांचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. सभासद निवडून येत नाहीत, सरकार नेमते. नेमणुकांत पक्षीय वशिला चालतो, जागा रिकाम्या राहतात. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी काही औद्योगिक पट्ट्यांतून येतात, आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. या दोषांचे निमित्त करून कायदाच गुंडाळावा अशी मागणी व्यापारी संस्थांकडून अधूनमधून पुढे येते. तिला उत्तर देताना चळवळीने दोष मान्य करावे आणि निवडणुकीची मागणी करावी. मंडळावरील कामगार सभासद नोंदलेल्या माथाडींच्या गुप्त मतदानाने निवडले जावेत. मालक सभासदही नोंदलेल्या मालकांच्या गुप्त मतदानाने निवडले जावेत, चेंबरच्या शिफारसपत्राने नव्हे.

कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत करण्याजोगे काम यातूनच निघते, आणि ते फार अवघडही नाही. आपल्या जिल्ह्यातील चेंबर कंपनी म्हणून नोंदलेले असेल तर त्याच्या संचालकांची यादी आणि वार्षिक विवरण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या दप्तरात थोडे शुल्क भरून पाहता येते. त्या यादीशेजारी दुसरी यादी ठेवावी: जिल्ह्यातील कोणकोणत्या सरकारी समित्यांवर त्या मंडळाचे प्रतिनिधी आहेत, आणि त्यांपैकी किती समित्यांवर कामगार, हमाल, फेरीवाला किंवा लहान दुकानदार यांचा एक तरी माणूस आहे. ही दुसरी यादी माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागता येईल. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तर आले की ते या साप्ताहिकाकडे पाठवावे. जिल्हावार छापले जाईल. आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी चेंबरच्या अध्यक्षांचे मत वृत्तपत्राच्या कचेरीत पाच वाजता पोहोचते, हे लक्षात ठेवून जिल्ह्यातील कामगार संघटनांचे मत साडेचारला पोहोचते करावे. त्याखाली सही करणाऱ्या संघटनेची सभासदसंख्या लिहावी, आणि शेजारच्या चौकटीतील मंडळानेही आपली लिहावी अशी विनंती संपादकांना करावी.